फळझाडांमध्ये पर्माकल्चर बाग करताय? आधी कुदळ बाजूला ठेवा

नमस्कार. तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. घरामागे साधारण 5 गुंठे जागा आहे. तिच्यात 2 आंबे, 3 पेरू, 2 कागदी लिंबं, 1 चिकू आणि कडेला डाळिंबं आहेत, बहुतेक सगळी 10-15 वर्षांची. खाली गवत माजलंय. इथे तुम्हाला पर्माकल्चर पद्धतीची, निसर्गाच्या रचनेवर बेतलेली टिकाऊ बाग करायची आहे, म्हणजे भाजी, कंद, औषधी वनस्पती, फुलं, सगळंच. त्यासाठी रोटाव्हेटर मारून जमीन मोकळी करायची, झाडांच्या ओळींमधून पाणी अडवायला चर खणायचे, बाहेरून माती आणून गादीवाफे करायचे आणि सात थरांची लागवड (उंच झाडांपासून जमिनीलगतच्या रोपा-कंदांपर्यंत, उंचीनुसार रचलेली) करायची, असा बेत आहे. 40 वनस्पतींची यादीही तयार आहे. कोणती वनस्पती कोणत्या झाडाखाली लावायची, एवढंच तुम्ही विचारलंय. जाता जाता एका लिंबाची पानं पिवळी पडतायत असंही लिहिलंय, त्याकडे मी शेवटी येतो.

यादीआधी एक गोष्ट. तुमची जागा वरून मोकळी दिसते, पण जमिनीखाली ती भरलेली आहे. इतक्या वर्षांत या झाडांनी पाण्याची, अन्नाची आणि उन्हाची वाटणी करून टाकली आहे. नव्याने येणारी प्रत्येक वनस्पती त्या वाटणीत हिस्सा मागणार. तेव्हा खरा प्रश्न असा आहे, की मुळांची जागा, ऊन आणि पाणी या तिन्हींपैकी कुठे काय शिल्लक आहे? ते कळलं की तुमची यादी आपोआप 40 वरून 12-15 वर येईल, आणि त्यातली बहुतेक रोपं जगतील.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण जागा न पाहता सगळंच ठामपणे सांगता येत नाही. पाऊस किती आणि किती महिने पडतो, माती मुरमाड आहे की भारी काळी, आंबा कलमी आहे की रायवळ, फांद्या जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात, उन्हाळ्यात पाणी पुरतं का, आणि आठवड्यातून बागेला तुम्ही किती तास देऊ शकता. शेवटचा मुद्दा लोक सांगायचा विसरतात, पण आराखडा सगळ्यात जास्त त्यावरच बदलतो. आठवड्याला 3 तास मिळत असतील तर भाजीचे 3-4 वाफे पुरे, बाकी सगळं बहुवर्षायू ठेवा. रोज तासभर देणार असाल तर दुप्पट करा. मात्र पुढे जे मुळांबद्दल लिहितोय ते माती आणि हवामान कसलंही असलं तरी लागू पडतं.

तुम्ही एक साधी पाहणी करा. आंब्याच्या घेराच्या कडेला, म्हणजे फांद्यांची टोकं जिथे संपतात तिथे बसा आणि हाताने पालापाचोळा बाजूला करा. वरची सुकी पानं गेली की खाली ओलसर, अर्धवट कुजलेली, एकमेकांना चिकटलेली पानं लागतील. ती उचलली की मातीच्या अगदी वरच्या थरात, कधी कधी पानांच्या थरातच शिरलेली, दोऱ्यासारखी बारीक तपकिरी मुळं दिसतील. काहींची टोकं पांढरट आणि कोवळी असतील. त्यांच्या आसपास बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले असतील. ते पाहून लोक घाबरतात आणि बुरशीनाशक विचारतात. ती पाला कुजवणारी बुरशी आहे, तिला हात लावू नका. ही बारीक मुळं म्हणजे झाडाचं तोंड. जाड मुळं झाडाला उभं धरतात, पण पाणी आणि अन्न घेतात ती हीच. बहुतेक फळझाडांची अन्न घेणारी मुळं जमिनीच्या वरच्या 30 ते 60 सेंटिमीटरमध्ये असतात आणि ती घेरापाशी थांबत नाहीत, बरीच पुढे जातात. रोटाव्हेटर 15 सेंटिमीटर जरी खोल गेला तरी वरचा सगळ्यात कामाचा थर तुटून जातो. झाड त्या वर्षी मरत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. पुढच्या दोन-तीन हंगामांत फळ लहान होतं, शेंड्याकडून फांद्या वाळतात, आणि तोवर नांगरट कोणाच्या लक्षातही नसते.

चर खणण्याचंही तेच. उतारावर समपातळीत चर काढून पाणी जिरवणं ही उत्तम पद्धत आहे, पण ती झाडं लावण्याआधी. उभ्या झाडांमधून 40-50 सेंटिमीटर खोल चर काढला तर त्या बाजूची मुळं सरळ कापली जातात. तुमच्याकडे उतार असेल तर झाडाच्या खालच्या बाजूला, घेराच्या बाहेर, अर्धचंद्राच्या आकाराचा बुटका बांध घाला. तो खणून काढायचा नाही. बाहेरची थोडी माती, दगड आणि छाटलेल्या फांद्या रचून करायचा. पाणी अडतं, पाला अडतो, मुळं सुरक्षित राहतात.

आणि झाडाखाली माती टाकून गादीवाफे तर नकोतच. मुळांना हवा लागते. त्यांच्यावर अचानक 20-25 सेंटिमीटर मातीचा थर आला की ती गुदमरतात. बुंध्याला माती भिडली तर साल कायम ओली राहते आणि कुजायला लागते. खोड जमिनीशी जिथे रुंद होतं तो भाग नेहमी उघडा दिसला पाहिजे. गादीवाफे करायचेच असतील तर ते घेराच्या कडेपासून निदान एक-दीड मीटर बाहेर, उघड्या उन्हात करा. रुंदी 1.2 मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. तरीही वर्ष-दीड वर्षात झाडाची मुळं त्या खतावलेल्या, ओल्या वाफ्यात येणारच. ते टाळता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून टोमॅटो-मिरचीसारखी खादाड भाजी झाडांच्या जवळ हवी असेल तर ती मोठ्या कुंडीत किंवा पिशवीत लावा आणि पिशव्या विटांवर ठेवा.

आता ऊन. सात थरांची कल्पना तुम्हाला भावली आहे, आणि ती सुंदर आहेच. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यात रॉबर्ट हार्ट यांनी जुन्या फळबागेच्या साधारण 500 चौरस मीटर तुकड्यावर ती करून दाखवली. तुमची जागाही तेवढीच आहे, म्हणून हे उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. पण त्यांची वरची झाडं म्हणजे सफरचंदासारखी पानगळ होणारी, विरळ सावलीची. हिवाळ्यात आणि वसंतात जमिनीवर भरपूर उजेड पोहोचतो. तुमचा आंबा आणि चिकू सदाहरित आहेत, बारा महिने गर्द. त्यांच्याखाली सात थर बसवायला गेलात तर खालचे चार थर उजेडाविना पिवळे पडून मरतील. गर्द झाडाखाली तीन थर पुष्कळ झाले: वर झाड, खाली सावली सोसणारं एखादं कंदाचं किंवा पालेदार पीक, आणि जमिनीवर पाल्याचं आच्छादन. पाच-सहा थर कुठे जमतील तर दोन झाडांच्या मधल्या उन्हाच्या पट्ट्यात आणि कुंपणाच्या कडेला.

उन्हाचा हिशोब डोक्यात करू नका, जमिनीवर करा. एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता सावलीच्या कडेला खुंट्या ठोका किंवा कागदावर रेषा काढा. हे वर्षातून दोनदा करावं लागेल, कारण हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. उत्तर गोलार्धात त्या झाडाच्या उत्तरेला सरकतात, त्यामुळे उन्हाळ्यात उन्हात असलेली जागा हिवाळ्यात दिवसभर सावलीत जाऊ शकते. जिथे 6 तासांहून जास्त थेट ऊन मिळतं ती जागा फळभाजी, शेंगा आणि शेवग्यासाठी. 3-4 तास ऊन असेल तर पालक, माठ, चुका, कोथिंबीर, पुदिना चालतात. त्याहून कमी असेल तर अळू, हळद, आलं एवढ्यावर समाधान माना, किंवा ती जागा नुसत्या आच्छादनाला द्या.

थोडी छाटणी करून उजेड वाढवता येतो. आंब्याच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या काढून आणि मध्यातली एखादी उभी फांदी कमी करून खाली पुष्कळ फरक पडतो. हे काम फळ उतरल्यावर करा, आणि एका वर्षात एकूण पाल्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नका. उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने भाजतात. लिंबाच्या बाबतीत तर फारच जपून.

आता मी पाण्यावर जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मी पाहिलेल्या अशा बागांपैकी बऱ्याच इथेच बिघडतात आणि तिथे लोक दोष मातीला देतात. भाजीला दर एक-दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी लागतं. फळझाडाला तसं चालत नाही. आंब्याला मोहोर येण्याआधी कोरडी विश्रांती हवी असते. त्या दोन-तीन महिन्यांत खाली पालकासाठी रोज पाणी सुरू राहिलं तर झाड मोहोराऐवजी नवी पालवी काढतं. झाड हिरवंगार दिसतं, घरचे खूश होतात, आणि आंबे मात्र येत नाहीत. लिंबू, पेरू, डाळिंब यांना बहार धरण्यासाठी (एकदम भरपूर फुलं यावीत म्हणून) ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी तोडावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच. ताणाचा काळ हलक्या जमिनीत लवकर पुरा होतो, भारी जमिनीत उशिरा. पण मुळांशी भाजीचा वाफा असेल तर तो ताण बसतच नाही. चिकू याबाबतीत सोशिक आहे. तो वर्षभर थोडा थोडा फुलत राहतो, त्यामुळे त्याच्या कडेला ओलावा राहिला तरी फारसं अडत नाही.

म्हणून माझा आग्रह असा: पाण्याच्या दोन स्वतंत्र वाहिन्या करा, वेगवेगळ्या व्हॉल्व्हच्या. एक फळझाडांची, एक भाजीची. बाकी सगळा आराखडा कागदावर राहिला तरी चालेल, पण हे पहिल्या महिन्यात करा. फळझाडांना पाणी द्यायचं ते कमी वेळा आणि भरपूर, बुंध्यापाशी नाही तर घेराच्या कडेने. लिंबाला तर दुहेरी आळं करा. आतलं छोटं आळं बुंध्याभोवती, त्यात पाणी शिरू द्यायचं नाही. बाहेरचं घेराच्या कडेला, पाणी फक्त त्यात. आंब्याला मोहोरानंतर फळं वाटाण्याएवढी झाली की पाणी पुन्हा सुरू करा.

छपराचं पाणी वापरायचा तुमचा विचार चांगला आहे. हिशोब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 100 चौरस मीटर छपरावर 20 मिलिमीटरची एक सर आली तर 2000 लिटर होतात, त्यातलं थोडं वाया जाईल. म्हणजे एवढंसं पिंप पहिल्याच सरीत भरून वाहणार. तेव्हा पिंपाआधी ते वाहून जाणारं पाणी कुठे जिरेल याची जागा ठरवा. पाणी जिरतं का हे पाहायला घेराबाहेर 30 सेंटिमीटर खोल खड्डा करा, एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. 2-3 सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर निचरा ठीक आहे. सेंटिमीटरभरही उतरली नाही तर तिथे पपई, लिंबू, आलं यांचा विचार सोडा. अळू लावा.

आच्छादन हा तुमच्या बागेतला सगळ्यात मोठा बदल असेल. गवताची फळझाडांशी, विशेषतः लहान झाडांशी, जबर स्पर्धा असते. पण ते खणून काढायचं नाही. बुडाशी कापायचं, तिथेच पसरायचं आणि त्यावर 7 ते 10 सेंटिमीटर जाड पाला, पेंढा किंवा लाकडाचा चुरा घालायचा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा. ओला पाला सालीला टेकला की कूज, वाळवी आणि उंदीर तिन्ही येतात. लाकडाच्या चुऱ्याने जमिनीतला नत्र खेचला जातो अशी भीती घातली जाते. ती चुरा मातीत मिसळला तर खरी आहे, वर पसरला तर फरक अगदी वरच्या पातळ थरापुरता राहतो. त्यामुळे भाजीच्या बारीक बियांच्या वाफ्यात तो नको, फळझाडाखाली बिनधास्त घाला. पुठ्ठे अंथरण्याची पद्धत गवत मारायला चांगली आहे, पण मी ती नव्या वाफ्यांपुरती आणि वाटांपुरती ठेवतो. उभ्या झाडाच्या पूर्ण घेराखाली पुठ्ठ्याचा सलग थर घातला तर पाणी आणि हवा दोन्ही अडतात.

पडलेली फळं मात्र आच्छादनात कुजू देऊ नका. पेरू आणि आंब्यात फळमाशीच्या अळ्या असतात. त्या फळातून निघून खालच्या मातीत कोष करतात आणि पुढच्या पिढीची माशी तुमच्याच बागेत जन्मते. फळं गोळा करून जाड काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा, अळ्या मेल्या की मगच खतात टाका. "निसर्गाचं निसर्गाला" म्हणून ती तशीच ठेवणाऱ्या बागांत पेरू खाण्याजोगा उरत नाही.

यावरून जपानच्या मासानोबू फुकुओका यांची एक गोष्ट सांगावीशी वाटते. तरुणपणी त्यांनी वडिलांच्या संत्रावर्गीय झाडांची छाटणी एकदम थांबवली, निसर्ग पाहून घेईल म्हणून. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड आली आणि बरीच झाडं गेली. त्यातून त्यांनी ठाम निष्कर्ष काढला की माणसाने वळण लावलेल्या झाडाला वाऱ्यावर सोडणं ही निसर्गशेती नव्हे. तुमची झाडंही कलमी आणि छाटलेली असतील तर त्यांची देखभाल पुढेही करावी लागणार आहे. पर्माकल्चरमध्ये कामं कमी होतात ती मुख्यतः खणणं, तण काढणं आणि पाणी घालणं यांतली. पाहणं, छाटणं आणि गोळा करणं तसंच राहतं.

आता तुमच्या यादीकडे येतो. वर लिहिलेल्या कारणांमुळे ती मी अशी बदलेन.

पेरू आणि डाळिंबाच्या मुळांच्या टापूत टोमॅटो, वांगी, भेंडी लावू नका. ही तिन्ही मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची (मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींची) आवडती पिकं आहेत, आणि पेरू-डाळिंबाचं सूत्रकृमींनी फार नुकसान होतं. तुमच्या यादीत तीन पेरूंच्या मधोमध वांगी आहेत, ती सर्वात आधी हलवा. तिथे पावसाच्या सुरुवातीला ताग पेरा आणि फुलावर यायच्या सुमारास कापून आडवा टाका. त्यानंतर झेंडू दाट लावा. दोन-चार झेंडूंनी काही होत नाही. तो पूर्ण पट्टा भरून दोन-तीन महिने उभा राहिला तर त्याच्या मुळांचा सूत्रकृमींवर परिणाम होतो.

आंब्याखाली तुम्ही हळद आणि आलं लिहिलंय. सावलीच्या दृष्टीने निवड बरोबर आहे. अडचण काढणीची आहे, कारण कंद काढायला खणावं लागतं. म्हणून ती घेराच्या आत न लावता कडेच्या बाहेर, अर्धसावलीत लावा, किंवा पिशव्यांमध्ये. पिशवी उलटी केली की काढणी झाली. घेराच्या आत पानं किंवा फळं खुडायची पिकं ठेवा. अननस अर्धसावलीत बरा येतो आणि त्याची मुळं फार खोल जात नाहीत. हवा दमट असेल तर आंब्याच्या खोडावर मिरीचा वेल चढवता येईल. कोरड्या हवेत तो नाद सोडा.

लिंबाखाली काहीही नको. फक्त आच्छादन, तेही बुंध्यापासून लांब. लिंबाची मुळं उथळ असतात आणि त्याला गर्दी मानवत नाही. चिकूखाली ओलावा असेल तर अळू येईल.

नत्र देणाऱ्या झाडांबद्दल तुम्ही फार उत्साहाने लिहिलंय, आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), तूर, हादगा ही निवड छान आहे. पण शेजारी द्विदल झाड उभं असल्याने आंब्याला लगेच नत्र मिळत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणूंनी बांधलेला नत्र आधी ते स्वतः वापरतं. आपण ते छाटतो, पाला खाली पडून कुजतो, त्याची काही मुळं मरतात, तेव्हा तो इतरांना मिळतो. म्हणून गिरिपुष्प कुंपणाच्या कडेला लावा, वर्षातून दोन-तीनदा कापा आणि पाला झाडांखाली पसरा. मोहोराच्या आधीच्या काळात मात्र हा हिरवा पाला घालू नका. त्या वेळी जास्तीचा नत्र म्हणजे पुन्हा पालवी. 5 गुंठ्यांना 6-8 गिरिपुष्प पुरे. तुमच्या आराखड्यात 25 आहेत, ती दोन वर्षांत सगळं ऊन खातील.

फुलझाडांवर कंजुषी करू नका. आंब्याच्या मोहोराचं परागीभवन मुख्यतः माश्या आणि इतर लहान कीटक करतात. कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांचे काही ताटवे मुद्दाम फुलावर जाऊ द्या. त्यांच्या बारीक फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावा खातात. तुळस मधमाश्यांसाठी. आणि मोहोर असताना कुठलीच फवारणी नको, घरगुती अर्काचीसुद्धा.

कोणतं रोप कोणाचं मित्र आणि कोणाचं शत्रू अशा तक्त्यांवर तुमची बरीच यादी बेतलेली दिसते. त्यातल्या बऱ्याच जोड्यांना आधार नाही. दोन वनस्पती शेजारी नांदतील का हे ठरवताना मी तीनच गोष्टी पाहतो: दोघांना पाणी एकाच वेळी लागतं का, मुळं एकाच खोलीवर आहेत का, आणि एकाची कीड किंवा रोग दुसऱ्यावर जातो का.

क्रम थोडक्यात सांगतो. पहिले काही आठवडे पाहणी आणि सावलीच्या रेषा. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात पर्माकल्चरची मांडणी केली तेव्हापासून आधी निरीक्षण, मग हात लावणं, यावर भर आहे, आणि जुनी झाडं असलेल्या जागेत ते दुप्पट खरं आहे. त्याच काळात पाण्याच्या दोन वाहिन्या आणि गवत कापून आच्छादन. मग स्वयंपाकघराच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, भर उन्हात, भाजीचे दोनच वाफे. पावसाच्या सुरुवातीला ताग, कुंपणाला गिरिपुष्प आणि शेवगा. फळ उतरल्यावर आंब्याची हलकी छाटणी. सावलीतली पिकं दुसऱ्या वर्षी, कारण छाटणीनंतर उजेड कुठे पडतो ते एकदा पाहून घ्यायला हवं.

कोंबड्यांबद्दल विचारलंय. त्या फळमाशीचे कोष टिपतात, गवत दाबतात, खत देतात. पण आच्छादन उकरून मुळं उघडी पाडतात आणि कोवळी भाजी एका दुपारी संपवतात. पाळायच्या असतील तर उचलता येणारं जाळीचं कुंपण करा, फळं पडण्याच्या काळात पेरूखाली चार-पाच दिवस ठेवा आणि पुढे सरकवा. हे पहिल्या वर्षी नको.

आता ते पिवळं पडणारं लिंबू. बाकी सगळ्याच्या आधी याच आठवड्यात ते पाहा. बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करा, खोड रुंद होतं तो भाग आणि कलमाचा जोड उघडा दिसेपर्यंत. सालीवर डिंकाचे थेंब, चिरा किंवा ओले काळपट डाग आहेत का बघा. शंका आली तर चाकूच्या टोकाने साल अगदी हलकी खरवडा. आतून हिरवट-पांढरी आणि ओलसर असेल तर साल जिवंत आहे. तपकिरी आणि उग्र वासाची असेल तर डिंक्या, म्हणजे साल कुजून डिंक गळण्याचा रोग आहे. मग मेलेली साल निरोगी सालीपर्यंत खरवडून काढा आणि तिथे बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप लावा. एका-दोन झाडांना 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी पुरतं. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवायचे, मग एकत्र ढवळायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. हातमोजे घाला आणि त्याच दिवशी वापरून संपवा. साल स्वच्छ निघाली आणि पिवळेपणा नव्या पानांवर, शिरा हिरव्या ठेवून आला असेल तर तो लोह किंवा जस्ताच्या कमतरतेकडे बोट दाखवतो. अशा वेळी आधी पाणी कमी करा, कारण साचलेल्या ओलीत मुळं ही अन्नद्रव्यं उचलत नाहीत. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची उणीव आहे, तिथे घेराच्या कडेने दोन पाट्या कुजलेलं शेणखत पसरून वर आच्छादन घाला. बुंध्याचा आणि पानांचा जवळून फोटो मिळाला तर मी आणखी नेमकं सांगू शकेन. तोवर त्या झाडाचं पाणी बाहेरच्या आळ्यातच द्या.